आधी ब्युरेट, मग फॉरेन्सिक

पत्र असं आहे:

"मॅडम, मी सोलापुरात एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, झूलॉजी असे विषय आहेत. मला फॉरेन्सिक केमिस्ट व्हायचंय. पुण्याच्या एका खासगी कॉलेजात बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स आहे, तीन वर्षांचे साडेचार लाख. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आई विड्या करते. पप्पा म्हणतात, कर्ज काढू. आई म्हणते, पोरीच्या जातीनं मढी कशाला बघायची. हे वर्ष सोडून तिकडं जाऊ, की इथंच केमिस्ट्री घेऊ? इथं राहिले तर मेजर-मायनर काय भरू? टीव्ही बघून ठरवलं म्हणून मैत्रिणी चिडवतात, पण तसं नाही. आमच्या गल्लीतले एक काका अचानक गेले. व्हिसेरा तपासणीला पाठवलाय, एवढंच पोलिस सांगतात. वर्ष होत आलं, काकू अजून वाट बघतायत. ते कोण तपासतं, असा विचार करता करता हे डोक्यात आलं. ता.क. आमच्या घरात तेलुगू बोलतात, माझं इंग्रजी कच्चं आहे. कोर्टात इंग्रजी लागतं का?"

अगं, आधी कर्जाचं बोलू. काढू नका. पप्पांना माझं नाव सांगून सांग.

बी.एस्सी. फॉरेन्सिक ही पदवी वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान (म्हणजेच फॉरेन्सिक सायन्स) संस्था आहेत. तिथं जागा मिळाली असती तर मीच तुला सामान बांध म्हटलं असतं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाबद्दलही तेच. पण साडेचार लाख मागणाऱ्या खासगी कॉलेजात जायचं तर आधी एकदा स्वतः जाऊन ये. माहितीपत्रकात जीसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा, फोटो असेलच. ते हेलियम वायूवर चालतं. ते यंत्र दाखवा म्हण, आणि तिथल्या लॅब असिस्टंटला हळूच विचार, "काका, हेलियमचा सिलिंडर शेवटचा कधी बदलला?" ज्या लॅबमध्ये यंत्र रोज चालतं, तिथला माणूस महिना सांगेल, वर सिलिंडर किती महागलाय याची कटकटही करेल. जिथं यंत्रावर फक्त कव्हर आहे, तिथं तो सरांकडं बघेल.

दुसरं म्हणजे, त्या तीन वर्षांत ठसे, हस्ताक्षर, बंदुका, रक्त, सायबर, मानसशास्त्र असं सगळं येतं. ताटात पंचवीस पदार्थ, प्रत्येकाचा एकेक चमचा. तुला रसायनाच्या टेबलाशी बसायचंय ना? मग तीन वर्षं पोटभर केमिस्ट्री खा. 'फॉरेन्सिक' हा शब्द एम.एस्सी.ला जोडता येतो, पण कच्ची राहिलेली केमिस्ट्री नंतर कोणी शिकवत बसत नाही. मी फॉरेन्सिक लॅबमध्ये नोकरीत असताना नवीन येणाऱ्या पोरांमध्ये हा फरक पहिल्या आठवड्यात कळायचा. हे माझं मत आहे, आणि त्याच्याशी भांडणारे माझे जुने सहकारीही आहेत.

तुझ्या काकूंचं आधी सांगते, कारण ते थांबलेलं आहे. पोस्टमॉर्टेम सिव्हिलमध्ये डॉक्टर करतात. जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड हे (यालाच व्हिसेरा म्हणतात) मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत भरून, सील करून पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत जातं. रक्त वेगळ्या बाटलीत. रिपोर्ट लॅब घरच्यांच्या हातात देत नाही, तो पोलिस ठाण्याकडं जातो. म्हणून काकूंनी तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्यावा. व्हिसेरा कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं पाठवला आणि तिथून काय उत्तर आलं, एवढंच विचारावं. पोलिस या कागदाला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. मुंबईत या नावाचं कार्यालय १८७० साली सुरू झालं. पाटी बदलली, खातं मोठं झालं, पण ठाण्यातल्या हवालदाराच्या तोंडी अजून सी.ए.च आहे.

आता या कामात तुझ्या एफ.वाय.च्या पुस्तकातलं काय लागतं ते बघ.

लाचलुचपतवाले सापळा लावतात ते पेपरात वाचतेस. नोटांना फिनॉल्फथॅलिनची पूड हलकेच चोळलेली असते. हो, तेच फिनॉल्फथॅलिन, जे तू टायट्रेशनला दोन थेंब टाकतेस. पैसे घेणाऱ्याची बोटं पंचांसमोर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत सील होऊन लॅबला येतं, आणि बाटली उघडेपर्यंत कधी कधी गुलाबी रंग उडालेला असतो. वकील म्हणणार, रंगच नाही तर पूड कुठली? आम्ल घालायचं, सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचं, टीएलसीची (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याची) पट्टी चालवायची, अल्कलीचा फवारा मारायचा. ठिपका गुलाबी उठतो. यात एफ.वाय.च्या बाहेरचं फारसं काही नाही. (आपल्याकडं अँथ्रासीनची पूडही वापरतात. ती अतिनील दिव्याखाली निळी चमकते. का चमकते, हे टी.वाय.ला कळेल.)

दुसरं उदाहरण आपल्या दाराशीच घडलंय. २०२३च्या ऑक्टोबरात चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रॉन हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला. मेफेड्रॉन म्हणजे ४-मिथाइलमेथकॅथिनोन. बेंझिनच्या कड्यावरचा मिथाइल गट चौथ्या जागेवरून तिसऱ्या जागेवर सरकवला की झालं ३-एमएमसी. दोन्हींचा रेणुभार एकच, १७७. जीसी-एमएसमध्ये दोन्ही ५८ला उंच शिखर दाखवतात, आणि बाकीचा पट शेजारी ठेवला तर जुळ्या बहिणी. मग यंत्राच्या स्तंभातून (नळीतून) बाहेर पडायची वेळ पाहावी लागते, आयआर म्हणजे अवरक्त वर्णपट पाहावा लागतो, रेणूची रचना दाखवणारं एनएमआर असेल तर उत्तम. 'ऑर्थो, मेटा, पॅरा' हे परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देणारी मुलगी इथं 'मेफेड्रॉन आढळले' असं लिहून मोकळी होईल. यंत्राच्या लायब्ररीनं सुचवलेलं नाव हा अंदाज असतो, सही मात्र आपली असते.

आणि वजन. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात मेफेड्रॉन २ ग्रॅमच्या आत असेल तर अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक. व्यावसायिकला शिक्षा किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळणं फार अवघड. २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भेसळीसकट एकूण वजन धरतात. म्हणजे ४९.६ आणि ५०.४ यांच्यात एका माणसाची दहा वर्षं बसलेली आहेत. पिशवीसकट मोजलं की पिशवी वगळून? तराजू त्या दिवशी तपासला होता का? हे प्रश्न तुला पिंजऱ्यात उभं करून विचारले जातात.

इथंच मला तुझ्याशी जरा खासगी बोलायचंय. खरं सांग, सी.बी.आर. (ब्युरेटचं सारखंच येणारं रीडिंग) जुळवतेस ना? पहिलं रीडिंग ९.८, दुसरं १०.१, तिसरं ९.९, आणि जर्नलमध्ये ओळीनं १०.०, १०.०, १०.०. सीनियरचं जर्नल समोर, सबमिशनच्या आदल्या रात्री बारा प्रयोग, आणि रीडिंग पेन्सिलनं, म्हणजे सरांनी हटकलं तर खोडता येतं. लाजू नकोस, आम्हीही तेच केलं. आमच्या सरांनी आमचीच जर्नलं पुढच्या बॅचला नमुना म्हणून दिली.

मग नोकरीच्या चौथ्या वर्षी एका जिल्हा न्यायालयात साक्षीला उभी राहिले. वहीत एका वजनाच्या आकड्यात मी १ चा ७ केला होता, जागच्या जागी, गिरवून. सात हाच खरा आकडा होता, तराजूच्या छापील पट्टीवरही तोच होता, पण ती पट्टी मी वहीला चिकटवली नव्हती आणि गिरवलेल्या जागी सही-तारीखही नव्हती. बचावाचे वकील वयस्कर, आवाज अगदी मऊ. म्हणाले, "मॅडम, हा सात आपण कधी केलात? लॅबमध्ये, की काल रात्री लॉजवर?" पाऊण तास तो एकच आकडा. माझी एम.एस्सी., माझं स्पेक्ट्रोस्कोपीचं ज्ञान कोणी विचारलंच नाही. आरोपी सुटला. पंचनाम्यातही घोळ होते, तेव्हा सगळं माझ्या माथी नाही, पण परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, लहान सही, तारीख. हे येत्या प्रॅक्टिकलपासून कर. ९.८ आलं तर ९.८ लिही. सर मार्क कापतील, कापू देत. आणि ९.८ का आलं, ते खाली एका ओळीत लिही. ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा होता, का शेवटचा थेंब जास्त पडला. सगळ्या अभ्यासक्रमात मला विचारशील तर हाच पेपर सर्वांत जड.

आता फॉर्म. मेजर केमिस्ट्री, यावर चर्चा नको. मायनरसाठी तुझ्या कॉलेजात काय काय उघडं आहे ते तू लिहिलेलं नाहीस. संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे मिटून घे. झूलॉजी तुला आवडतं हे पत्रातून दिसतंय, आणि विषशास्त्राकडं जायचं तर शरीर कळायला हवंच, तरीही. मोटार वाहन कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. तुझं उत्तर ३१ आलं. तुझ्या पद्धतीत दोनाची अनिश्चितता असेल तर तो माणूस मर्यादेच्या वर आहे की नाही? हे सांगायला प्रमाण विचलन, विश्वासांतर, कॅलिब्रेशनची रेषा हे सगळं हाताशी लागतं, आणि आपल्याकडचे केमिस्ट नेमके इथंच लटपटतात. संख्याशास्त्र नसेल तर फिजिक्स. यंत्र आतून कळतं. तेही नको असेल तर तुझं झूलॉजी, हरकत नाही, पण मग संख्याशास्त्र घरी बसून कर.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचा असतो, तिथं मैत्रिणींच्या मागं जाऊन सोपा विषय घेऊ नकोस. कायद्याची ओळख, मानवी हक्क, इंग्रजी लेखन यातलं काही असेल तर ते. कायद्याचं फार लागत नाही, पण चार गोष्टी माहीत हव्यात. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाच्या मताबद्दल आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३२९मुळं सरकारी रासायनिक तज्ज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून वाचता येतो, मात्र न्यायालय हवं तेव्हा तज्ज्ञाला बोलावू शकतं. त्याच संहितेच्या १७६(३)नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आलं. हे कायदे १ जुलै २०२४पासून लागू आहेत, आणि ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. म्हणजे माणसं लागणार. पण कायदा आला म्हणून जाहिरात आली असं होत नाही, हे ध्यानात ठेव.

एस.वाय.ला ऑरगॅनिक स्पॉटिंग टाळू नकोस. मिश्रण वेगळं करून, गट ओळखून, द्रवणांक काढून नाव सांगायचं, हे आमचंच काम, फक्त पुडीवर पोलिसांचं सील नसतं. 'आता कोण करतं ते, यंत्र सांगतं' असं म्हणणारे भेटतील. छाप्याच्या जागी मार्क्विस या रंग-चाचणीच्या द्रावणाचा एक थेंब आजही टाकतात. अफूवर्गातल्या पदार्थांना जांभळा, अ‍ॅम्फेटामिनला नारिंगी-तपकिरी रंग येतो. पण रंगावर फक्त संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही, आणि असं का, हे ज्याला कळतं तोच खरा विश्लेषक. टी.वाय.ला क्रोमॅटोग्राफी आणि स्पेक्ट्रोस्कोपीचे जेवढे पेपर असतील तेवढे घे.

ओजेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचा, कागद बहुतेक मुलं ओळखीच्या सर्टिफिकेटवर भागवतात. तू तसं करू नकोस, कारण सोलापुरात याबाबतीत चंगळ आहे आणि कोणाला ती दिसत नाही. फॉरेन्सिक लॅबच पाहिजे, असा हट्ट धरू नकोस. पुराव्याजवळ विद्यार्थ्याला कोण जाऊ देणार? चिंचोळीच्या औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात एचपीएलसी ही द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं दिवसरात्र चालतात, आणि तिथली नोंदींची शिस्त कोर्टापेक्षा कमी नाही. प्रत्येक इंजेक्शनची (यंत्रात नमुना सोडण्याची) वेळ यंत्र स्वतः नोंदवतं, कोणी पुसू शकत नाही. किंवा द्राक्ष-डाळिंबाच्या निर्यातीसाठी कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या लॅब बघ. डाळिंबातून काढायचं की रक्तातून, कीटकनाशक ओढून घेण्याची पद्धत मावसबहिणीसारखी आहे. साखर कारखान्याची लॅबही चालेल, विशेषतः डिस्टिलरी असलेली, कारण तिथं इथेनॉल-मिथेनॉल वेगळं करायला शिकशील. २०१५ साली मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. आणि आपल्याकडं हातभट्टी काय कमी आहे?

एम.एस्सी.ला विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय रसायन घे. आपल्या विद्यापीठाच्या केगावच्या संकुलातही चौकशी कर, घरून डबा नेता येईल. किंवा तेव्हा न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्थेत प्रवेश घे, किंवा गांधीनगरला. तोपर्यंत तुझ्या हातात केमिस्ट्री असेल आणि फी कमी असेल. नोकरीच्या जाहिराती येतील तेव्हा पदासमोर पदवीचा कोणता विषय लिहिलाय ते अक्षरन् अक्षर वाच. 'रसायनशास्त्र' आणि 'न्यायसहायक विज्ञान' यांच्यामधल्या एका 'किंवा'नं मी मुलं रडताना पाहिलीत. राज्याच्या लॅब आहेत, पुण्यातच केंद्राचीही आहे. सीमाशुल्क आणि अन्न तपासणीच्या लॅबनाही असेच केमिस्ट लागतात. आणि कुठंच जागा निघाली नाही तर क्यूसीची नोकरी पोट भरते. फॉरेन्सिकची बी.एस्सी. घेऊन क्यूसीला गेलीस तर मुलाखत घेणारा पहिला प्रश्न विचारेल, "केमिस्ट्री किती झाली?"

आईचं राहिलं. तिला सांग, रसायन विभागात मढं बघावं लागत नाही, ते डॉक्टरांचं काम. बरणी मात्र उघडावी लागते, आणि तो वास केसांत बसतो. पहिले सहा महिने मला घरी गेल्यावर आंघोळीआधी जेवण जात नव्हतं. नंतर वासाची सवय झाली. सवय झाली नाही ती लेबलांची. बरणीवर वय लिहिलेलं असतं. 'वय ४ वर्षे' असं वाचल्यावर हात दोन मिनिटं थांबतो, तीस वर्षांनंतरही थांबायचा. हे आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, पण तुला माहीत असू दे.

बाकी, दुपारी जेव्हा लेक्चर नसेल तेव्हा जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस. सुनावणी खुली असते, बहुतेक वेळा कोणी हटकत नाही. मोबाइल बंद ठेव. एखाद्या खटल्यात डॉक्टर किंवा तज्ज्ञाची उलटतपासणी असेल तर ती पूर्ण ऐक, कंटाळा आला तरी. कंटाळा येईलच. या नोकरीचा बराच भाग तसाच आहे, हे आत्ताच बघितलेलं बरं.

ता.क.चं उत्तर: अहवाल इंग्रजीत लिहितात, म्हणून लिहिण्यापुरतं इंग्रजी घट्ट कर. रोज एका प्रयोगाची कृती पाच वाक्यांत लिही, चार महिन्यांत फरक पडतो. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, साक्ष मराठीत देता येते. मी जन्मभर मराठीतच दिली. आणि तेलुगू सोडू नकोस. सोलापूरच्या आपल्या पूर्व भागात घटनास्थळी गेलीस आणि म्हातारीला "काल कोणतं औषध फवारलं होतं, बाटली कुठाय?" हे तिच्या भाषेत विचारलंस, तर ती बाटली काढून देईल. ती मिळाली की अर्धी तपासणी तिथंच झाली.